नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पदव्युत्तर पदवी: एम.एड. की एम.ए., आणि त्यापुढचं सगळं

जून उजाडला की शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक जाहिरात फिरायला लागते. ‘नोकरी करता करता एम.एड. हजेरीची अट नाही. फक्त परीक्षेला या.’ खाली मोबाईल नंबर, आणि त्याखाली ‘फी किती?’ विचारणाऱ्यांची रांग. या लेखाची सुरुवात तिथूनच करायला हवी, कारण नोकरीतल्या शिक्षकाची सगळ्यात महागात पडणारी चूक अभ्यासात होत नाही, ती प्रवेशाच्या आधी होते.

राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, म्हणजे एनसीटीईच्या २०१४ च्या नियमांनुसार एम.एड. दोन वर्षांचं आहे आणि वर्षाला किमान २०० दिवस कामकाज व्हायला हवं. तासिका आणि प्रात्यक्षिकांना ८० टक्के, क्षेत्रकार्याला ९० टक्के हजेरी लागते. म्हणजे वर्षाकाठी साधारण १६० दिवस तुम्ही कॉलेजात बसलेले असायला हवेत. इकडे शिक्षणहक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला वर्षाचे २०० आणि सहावी ते आठवीला २२० दिवस ठरवून दिलेत. दोन्ही ठिकाणी पूर्णवेळ हजर राहणारा माणूस अजून जन्माला यायचाय. त्यामुळे ‘हजेरीची अट नाही’ याचा सरळ अर्थ एवढाच, की एकाच तारखेला शाळेच्या मस्टरवरही तुमची सही असणार आणि कॉलेजच्या मस्टरवरही. पुढे कधी पदोन्नतीच्या वेळी, कधी एखाद्याने तक्रार केली म्हणून, ही दोन मस्टरं शेजारी ठेवली गेली, तर पदवी आणि नोकरी दोन्ही अडचणीत येतात. आणि ते घडेपर्यंत जाहिरातीतला नंबर बंद झालेला असतो.

दूरस्थ पद्धतीच्या एम.एड.बद्दलही विचारणा होते. २०१४ च्या नियमांमध्ये डी.एल.एड. (जुनं डी.एड.) आणि बी.एड. यांना दूरस्थ पद्धतीची जागा आहे, एम.एड.ला नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये एनसीटीईने नव्या नियमांचा मसुदा पुढे आणला, तेव्हा एक वर्षाच्या एम.एड.ची आणि नोकरदारांसाठी अर्धवेळ एम.एड.ची चर्चा सुरू झाली. ते नियम राजपत्रात येऊन आपल्याकडच्या एखाद्या कॉलेजला त्याखाली मान्यता मिळाली, तर नोकरदारासाठी चित्र खरंच बदलेल. तोवर मसुद्याच्या भरवशावर कुणी आगाऊ पैसे मागत असेल तर देऊ नका.

मग नोकरी करणाऱ्याने काय करायचं? बहुतेकांसाठी उत्तर आहे एम.ए. (शिक्षणशास्त्र). पण तेही डोळे मिटून घ्यायचं नाही.

पदवी कशासाठी हवी, हे आधी कागदावर लिहा

मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रावर समंत्रक, म्हणजे मार्गदर्शक शिक्षक म्हणून बसताना मी हा प्रश्न पहिल्या रविवारी विचारतो. ‘सर, पुढे उपयोगी पडेल म्हणून’ हे उत्तर सगळ्यात जास्त येतं आणि तीच माणसं दुसऱ्या वर्षी दिसत नाहीत. उद्दिष्टागणिक पदवी बदलते, म्हणून हे जरा तपशिलात पाहू.

तुम्हाला अध्यापक महाविद्यालयात, म्हणजे बी.एड. कॉलेजात शिकवायचं आहे का? तिथे एनसीटीईच्या अर्हता दोन गटांत विभागल्या आहेत. गणित, विज्ञान, भाषा, सामाजिक शास्त्रं यांच्या अध्यापन पद्धती शिकवणाऱ्या पदासाठी त्या विषयातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड., दोन्हींत ५५ टक्के लागतात. इथे एम.ए. (शिक्षणशास्त्र) चालत नाही. शिक्षणाची तात्त्विक, मानसशास्त्रीय, समाजशास्त्रीय बैठक शिकवणाऱ्या पदासाठी मात्र दोन वाटा आहेत. एक, सामाजिक शास्त्रातली पदव्युत्तर पदवी आणि एम.एड. दुसरी, एम.ए. (शिक्षणशास्त्र) आणि बी.एड. किंवा बी.एल.एड. याही ठिकाणी ५५ टक्क्यांची अट आहेच. शिवाय नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या राष्ट्रीय आणि राज्य पातळीवरच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. वेगळी. नेट आणि सेटला ‘शिक्षणशास्त्र’ हा विषय आहे आणि दोन्ही पदव्यांचे लोक त्याला बसू शकतात. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीची सेट सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं.

निवडश्रेणीसाठी, म्हणजे सेवेतल्या वरच्या वेतनश्रेणीसाठी पदवी हवी असेल, तर प्रश्न विद्यापीठाला विचारायचा नाही, आपल्या कार्यालयाला विचारायचा. १२ वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि २४ वर्षांनी निवडश्रेणी, आणि निवडश्रेणीसाठी वाढीव अर्हता, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण तुमच्या पदाला, तुमच्या मूळ अर्हतेवर, नेमकी कोणती पदवी ‘वाढीव’ म्हणून धरली जाईल, हे स्टाफरूममधल्या गप्पांवर ठरवू नका. एक ओळीचा अर्ज करून लेखी उत्तर घ्या. उत्तर यायला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच अर्ज टाका.

तुम्ही शिक्षक नसून एखाद्या सामाजिक संस्थेत, प्रकाशनात किंवा शैक्षणिक कंपनीत काम करत असाल, तर एम.ए. (शिक्षणशास्त्र) हीच तुमची पदवी. कुठल्याही शाखेचा पदवीधर इग्नूच्या, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाच्या या अभ्यासक्रमाला जाऊ शकतो, बी.एड.ची अट नाही. मात्र उलटी समजूत करून घेऊ नका. एम.ए. (शिक्षणशास्त्र) झाल्याने शाळेत शिक्षक होता येत नाही. त्यासाठी डी.एल.एड. किंवा बी.एड. लागतंच.

आणि ज्यांचं बी.एड.च व्हायचं आहे, अशा डी.एड. झालेल्या सेवेतल्या प्राथमिक शिक्षकांनी आधी ते करावं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचं सेवांतर्गत बी.एड. त्यांच्यासाठीच आहे. खासगी माध्यमिक शाळेत तर बी.एड. कोणत्या तारखेला झालं यावर सेवाज्येष्ठतेचं सगळं गणित फिरतं. १९८१ च्या सेवाशर्ती नियमावलीतली अनुसूची ‘फ’ काढून वाचा, म्हणजे घाई कशाची करायची ते कळेल.

एम.एड.च हवं असेल, तर प्रामाणिक वाट एकच: एम.एड.ची प्रवेश परीक्षा (सीईटी) द्या आणि रजा घ्या. महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. ती हक्काने मिळत नाही, मंजूर करून घ्यावी लागते आणि परत येऊन सेवा करण्याचं बंधपत्र द्यावं लागतं. घरात दुसरा पगार असेल आणि नोकरी कायम असेल, तर माझ्या मते हा मार्ग उगाच बदनाम झालाय. दोन वर्षं पूर्णवेळ शिकायला मिळणं ही चैन शिक्षकाच्या आयुष्यात फार वेळा येत नाही.

विद्यापीठ निवडताना

मराठीतून शिकायचं तर नाशिकचं मुक्त विद्यापीठ. ते १९८९ साली स्थापन झालं आणि त्याची अभ्यासकेंद्रं तालुक्यांपर्यंत पोचली आहेत. इग्नूची प्रादेशिक केंद्रं मुंबई, पुणे, नागपूर इथे आणि गोव्यासाठी पणजीला आहेत, पण तिथे माध्यम इंग्रजी किंवा हिंदी. हिंदी घेणाऱ्या मराठी शिक्षकाला वाचायला त्रास होत नाही, लिहायला होतो. तीन तास पेपर लिहिताना ‘अधिगम’, ‘अनुसंधान’, ‘प्रतिदर्श’ हे शब्द हाताखाली असावे लागतात. पहिल्या महिन्यात अशा शंभरेक शब्दांची वही केली तर पुढे अडत नाही. महाराष्ट्राबाहेर, दुसऱ्या राज्यात नोकरीला असलेल्या मराठी माणसाला इग्नू सोयीची, कारण राज्याच्या विद्यापीठांना आपल्या हद्दीबाहेर केंद्रं चालवता येत नाहीत.

विद्यापीठ कितीही नावाजलेलं असो, प्रवेश घेण्याआधी यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) दूरशिक्षण मंडळाच्या, म्हणजे डीईबीच्या संकेतस्थळावर तीन गोष्टी पाहा: विद्यापीठाचं नाव, अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशाचं सत्र. तिसरी गोष्ट लोक पाहत नाहीत. मान्यता विद्यापीठाला सरसकट मिळत नाही, ती अभ्यासक्रमाला आणि सत्राला मिळते. त्या पानाची तारखेसह प्रत काढून फाईलला लावा. दूरस्थ पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची आहे, हे यूजीसीने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केलंय, त्यामुळे ‘दूरस्थ म्हणजे कमी दर्जाची’ म्हणणाऱ्याशी वाद घालत बसायची गरज नाही. फक्त मान्यता असलेल्या सत्रातली हवी.

आता अशा प्रवेशासाठी डीईबी आयडी लागतो आणि तो काढण्यासाठी आधी एबीसी आयडी, म्हणजे श्रेयांक बँकेचं खातं. दोन्ही फुकट निघतात आणि सायबर कॅफेवाल्याला शंभर-दोनशे रुपये द्यायची गरज नाही. आधारवरचं नाव आणि पदवीच्या गुणपत्रिकेवरचं नाव मात्र जुळायला हवं. लग्नानंतर नाव बदललेल्या शिक्षिकांचं घोडं इथेच अडतं. गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरच्या नावाचं, सेवापुस्तकात तिसरंच काहीतरी. राजपत्रातल्या नावबदलाची प्रत किंवा विवाह नोंदणी दाखला मे महिन्यातच काढून ठेवा. विद्यापीठ बदलत असाल तर आधीच्या विद्यापीठाचा स्थलांतर दाखलाही लागेल, त्यालाही वेळ लागतो.

परवानगी: दोन महिने आधी

जिल्हा परिषदेचा शिक्षक असो की अनुदानित शाळेतला, प्रवेशाआधी परवानगी घ्यायची. प्रवेश घेऊन मग अर्ज करणाऱ्यांची संख्या मोठी आहे आणि त्यांचंच प्रकरण पुढे ‘कार्योत्तर मंजुरी’च्या फेऱ्यात वर्षानुवर्षं पडून राहतं. खासगी शाळेत अर्ज मुख्याध्यापकांमार्फत संस्थेकडे जातो. जिल्हा परिषदेत मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, गटशिक्षणाधिकारी असा वर चढतो. शेवटची सही कुणाची लागते, ते पंचायत समितीतल्या आस्थापना लिपिकाला विचारा. त्याला नियम साहेबांपेक्षा चांगले पाठ असतात.

अर्ज असा असावा:

‘महोदय, मी जि. प. प्राथमिक शाळा (गाव, केंद्र) येथे दि. … पासून सहशिक्षक या पदावर कार्यरत आहे. … विद्यापीठाच्या एम.ए. (शिक्षणशास्त्र) या दूरस्थ अभ्यासक्रमास सन … मध्ये प्रवेश घेण्याची माझी इच्छा आहे. सदर अभ्यासक्रमाची संपर्क सत्रे सुटीच्या दिवशी होत असल्याने शालेय कामकाजावर परिणाम होणार नाही. परीक्षेच्या कालावधीत मी नियमानुसार अनुज्ञेय रजा घेईन. अभ्यासक्रमाच्या मान्यतेची प्रत सोबत जोडली आहे. तरी परवानगी मिळावी, ही विनंती.’

यातलं प्रत्येक वाक्य कामाचं आहे. ‘दूरस्थ’ हा शब्द असल्याने हजेरीचा प्रश्न उठत नाही. ‘सुटीच्या दिवशी’ आणि ‘अनुज्ञेय रजा’ यांमुळे उद्या कुणी तक्रार केली तरी तुमची बाजू आधीच लेखी असते. अर्ज दोन प्रतींत द्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून बाहेर पडू नका. ‘ठेवून जा, बघतो’ याला पोच म्हणत नाहीत.

तासांचं गणित

मुक्त शिक्षणात एक श्रेयांक म्हणजे ३० तास अभ्यास धरतात. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी ८० श्रेयांकांच्या आसपास असते. म्हणजे २४०० तास. दोन वर्षांत संपवायची तर आठवड्याला २३ तास. शाळा, यूडायसवर भरायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, मतदारयादीची बीएलओ ड्युटी आणि घर सांभाळून आठवड्याला २३ तास काढणारी माणसं असतीलही, मला फार भेटलेली नाहीत.

खरोखर किती निघतात ते पाहू. सोमवार ते शुक्रवार पहाटे एकेक तास, म्हणजे पाच. शनिवारी सकाळची शाळा असेल तर दुपारचे तीन. रविवारी तीन. झाले ११. असे वर्षातले ४४ आठवडे धरले तर ४८४ तास. मे महिन्याच्या सुटीत रोज पाच तासांप्रमाणे दीडशे आणि दिवाळीच्या सुटीत पन्नास मिळवा. वर्षाला पावणेसातशेच्या घरात जातं. या हिशेबाने साडेतीन वर्षं लागतील. अध्ययनाचं मानसशास्त्र, मूल्यमापन असे काही भाग डी.एड., बी.एड.ला झालेले असतात, तिथे वेळ वाचतो. म्हणून तीन वर्षं धरून चला.

माहितीपुस्तिकेत ‘कमाल कालावधी’ लिहिलेला असतो तो याचसाठी. इग्नूच्या एम.ए.ला किमान २ आणि कमाल ४ वर्षं आहेत. पहिल्या वर्षाचे सगळे पेपर एकाच परीक्षेत द्यायची सक्ती नसते. तरीही लोक सगळे पेपर एकदम भरतात, दोन देतात, तीन सोडतात आणि ‘आपल्याला जमत नाही’ म्हणून बसून राहतात. जमत नाही असं नसतं, बेरीज चुकलेली असते.

शनिवारची दुपार ही शिक्षकाच्या हातातली सगळ्यात मोलाची वेळ आहे. साडेअकरा-बाराला शाळा सुटते, बाकीची कार्यालयं चालू असतात, घरातली मुलं अजून आलेली नसतात. ती वेळ झोपेत किंवा तालुक्याच्या बैठकीत गेली की आठवडा हातातून गेला. शक्य असेल तर शाळेतच थांबून दोन तास वाचा. घरी पोचलात की दळण आणि गॅसचा नंबर वाट बघत असतात.

घराबद्दल एक बोलून टाकतो. शिक्षक एम.ए. करतो तेव्हा घर त्याच्यासाठी आवाज कमी करतं. शिक्षिका करते तेव्हा तिने स्वयंपाक उरकून मग पुस्तक उघडावं अशी अपेक्षा असते. माझ्या वर्गातल्या ज्या शिक्षिका वेळेत पास झाल्या, त्यांनी प्रवेशाच्या आधी घरात बसून कामांची वाटणी केली होती: रविवारचा स्वयंपाक कुणाचा, मुलांचा अभ्यास कुणाकडे, परीक्षेच्या पंधरवड्यात कोण येऊन राहणार. ‘बघू, होईल’ वर सोडलं ते झालं नाही.

वर्षाची मांडणी

जून-जुलैत शाळेतून डोकं वर निघत नाही. प्रवेश, पाठ्यपुस्तकांचं वाटप, माहितीचे तक्ते. या काळात फक्त अभ्याससाहित्य चाळा. ऑगस्ट-सप्टेंबर स्वाध्यायांसाठी ठेवा. इग्नूच्या सत्रांत परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, म्हणून डिसेंबरच्या पेपरांची तयारी दिवाळीच्या सुटीत करायची. जानेवारी ते मार्च स्नेहसंमेलन, शिष्यवृत्ती परीक्षा, दहावी-बारावीचं पर्यवेक्षण आणि पेपर तपासणी यांत जातात. या तीन महिन्यांत नवीन काही सुरू करू नका. एप्रिलच्या शेवटी शाळेचा निकाल लागला की मे तुमचा. निवडणुकीचं वर्ष असेल तर या सगळ्यात एक महिना आणखी वजा करा, कारण निवडणूक, जनगणना आणि आपत्तीचं काम शिक्षणहक्क कायद्यानेही शिक्षकाला टाळता येत नाही.

स्वाध्याय

इग्नूत स्वाध्यायाला, म्हणजे घरून लिहून द्यायच्या उत्तरांना ३० टक्के आणि सत्रांत परीक्षेला ७० टक्के भार असतो. पास व्हायला ४० टक्के पुरतात, पण नेट-सेटला ५५ टक्के लागतात (राखीव प्रवर्गाला ५०). आता बेरीज करा. स्वाध्यायात ७५ टक्के मिळवले तर ३० पैकी साडेबावीस गुण हातात आले. ५५ गाठायला परीक्षेत ७० पैकी साडेबत्तीस हवेत, म्हणजे ४७ टक्केसुद्धा नाहीत. स्वाध्यायात ५० टक्के मिळाले तर परीक्षेत ५७ टक्के काढावे लागतात. नोकरदाराने परीक्षेपेक्षा स्वाध्यायावर जीव ओतावा तो यासाठी.

आणि इथेच तयार उत्तरांचा बाजार आहे. पीडीएफ विकत मिळते, ग्रुपवर फुकटही येते आणि आता एआयकडून चार मिनिटांत उत्तर निघतं. तपासणाऱ्याला ते कळतं. चाळीस वह्यांमध्ये तेच ‘आजच्या गतिमान युगात शिक्षणाचे महत्त्व अनन्यसाधारण आहे’ वाचून तो आधीच वैतागलेला असतो. तुमच्याकडे जे आहे ते त्या पीडीएफमध्ये नाही: तुमचा वर्ग. रचनावादावर प्रश्न आला तर ड्युई, पियाजे, वायगॉट्स्की यांच्या व्याख्या थोडक्यात उरका आणि तुमच्या चौथीच्या वर्गात मुलांनी वजनमाप कसं शिकलं ते अर्धं पान लिहा. अनौपचारिक शिक्षणावर प्रश्न आला तर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं चारणाऱ्या मुलांसाठी चालवलेली कुरणशाळा आठवा. सक्तीच्या शिक्षणावर आला तर महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेलं निवेदन. त्यांनी किमान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा असं मागितलं होतं. असं एखादं उदाहरण उत्तरात आलं की तपासणारा थांबून वाचतो.

वाचायला मराठीत काय, असं विचारतात. जे. पी. नाईक यांनी १९४८ मध्ये स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेचं ‘शिक्षण आणि समाज’ हे त्रैमासिक मिळवा. इग्नूचं सगळं साहित्य ‘ई-ज्ञानकोश’वर फुकट आहे आणि दुसऱ्या विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनीही ते वापरायला हरकत नाही.

लघुशोधनिबंध

पदवी अडते ती इथे. पेपर सगळे सुटले आणि लघुशोधनिबंधावाचून निकाल राखून ठेवला, असे विद्यार्थी प्रत्येक केंद्रावर असतात. कारण बहुधा विषयाच्या आकारात असतं. ‘ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांच्या गणित विषयातील अडचणींचा अभ्यास’ हे शीर्षक मी दर वर्षी पाहतो. यात गणित किती, ग्रामीण भाग किती आणि विद्यार्थी किती? एवढ्या विषयाला जिल्हा परिषदेचा सगळा शिक्षण विभाग लागेल.

आता तेच लहान करत जाऊ. गणित म्हणजे कोणता भाग? अपूर्णांक. कोणती इयत्ता? पाचवी. अपूर्णांकातलं काय? लहान-मोठेपणा. तुम्ही वर्गात विचारून पाहिलं असेल, एक तृतीयांश मोठा की एक पंचमांश? अर्धा वर्ग एक पंचमांश म्हणतो, कारण तीनपेक्षा पाच मोठे. हीच तुमची संशोधन समस्या. ‘इयत्ता पाचवीच्या विद्यार्थ्यांना समान अंशाच्या अपूर्णांकांची तुलना करताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास.’ दहा प्रश्नांची चाचणी करा. काही प्रश्न नुसत्या अंकांत द्या, काही आकृतीत, काही भाकरीच्या वाट्यांच्या भाषेत. तुमच्या आणि शेजारच्या दोन शाळांतली मिळून पन्नास-साठ मुलं न्यादर्शाला, म्हणजे अभ्यासाच्या नमुन्याला पुरतात. चाचणीनंतर चुकलेल्यांपैकी आठ-दहा मुलांना एकेकटं बसवून ‘तुला असं का वाटलं?’ विचारा आणि उत्तर जसंच्या तसं उतरवून घ्या. एखादा मुलगा भाकरीचं उदाहरण बरोबर सोडवतो आणि तोच अपूर्णांक अंकांत दिला की चुकतो. असं निघालं तर निष्कर्षाच्या प्रकरणात लिहायला खरंच काहीतरी असतं. टक्केवारी आणि चुकांचं वर्गीकरण एवढ्याने काम भागतं. मार्गदर्शक आग्रह धरत असतील तर टी-चाचणी (दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी) करा, पण तिची गरज काय हे तुम्हाला सांगता यायला हवं, कारण तोंडी परीक्षेत पहिला प्रश्न तोच असतो.

शेजारच्या शाळांत जाण्याआधी मुख्याध्यापकांची लेखी परवानगी घ्या, पालकांना कळवा आणि अहवालात मुलांची नावं घालू नका. माहिती गोळा करायचं काम जुलै ते सप्टेंबर किंवा डिसेंबरमध्ये ठेवा. मार्चमध्ये वर्ग रिकामे असतात आणि मेमध्ये शाळाच नसते. मी पाहिलेले निम्मे अर्धवट निबंध मेमध्ये न्यादर्श शोधत बसलेल्यांचे होते.

संबंधित साहित्याच्या आढाव्यासाठी ‘शोधगंगा’वर जा. देशभरातले पीएच.डी. प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, मराठी प्रबंधही. दहा-बारा पुरेत, पण प्रत्येकाचं निष्कर्षाचं प्रकरण स्वतः वाचा. त्यातले परिच्छेद उचलायचे नाहीत. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत साम्य १० टक्क्यांपर्यंत चालतं आणि आता मराठी मजकूरही सॉफ्टवेअरमधून तपासला जातो.

मार्गदर्शक निवडायला मिळाला तर नामवंतापेक्षा फोन उचलणारा निवडा. त्यांच्याकडे जाताना ‘सर, काय करू?’ असं विचारू नका, लिहिलेली चार पानं घेऊन जा. आराखडा मंजूर झाला की त्याच्या पहिल्या पानाची सही-शिक्क्यासह प्रत स्वतःकडे ठेवा. केंद्रं बदलतात, मार्गदर्शक निवृत्त होतात.

परीक्षा

हिच्याबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. मागच्या पाच-सहा परीक्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवा. वर्षभर फळ्यावर लिहिणाऱ्या हाताला तीन तास कागदावर लिहायची सवय राहिलेली नसते, त्यामुळे शेवटच्या महिन्यात घड्याळ लावून चार पेपर पूर्ण लिहून काढा. परीक्षा अर्जाची तारीख विलंब शुल्कापर्यंत जाऊ देऊ नका आणि केंद्र निवडताना एसटीची वेळ पाहा. दुपारच्या पेपरनंतर परतीची शेवटची गाडी मिळत नसेल तर तालुक्याऐवजी जिल्ह्याचं केंद्र घ्या. रजेचा अर्ज परीक्षेच्या वेळापत्रकासह आठ दिवस आधी द्या.

निकालानंतर

गुणपत्रिका हातात आली की काम संपत नाही. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र घ्या, दीक्षान्त समारंभाचा अर्ज वेळेत भरा. मग परवानगीच्या आदेशाची प्रत, गुणपत्रिका आणि प्रमाणपत्र जोडून सेवापुस्तकात अर्हतेची नोंद घेण्यासाठी अर्ज द्या. नोंद झाली असं तोंडी ऐकून परत येऊ नका. सेवापुस्तकाचं ते पान उघडून पाहा. पदवीचं नाव, विद्यापीठ, उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष, परवानगी आदेशाचा क्रमांक आणि अधिकाऱ्याची सही, एवढं सगळं त्यात असायला हवं. महिन्याऐवजी नुसतं वर्ष टाकलेलं असतं, आणि सेवाज्येष्ठतेच्या यादीत दोघांची पदवी एकाच वर्षाची निघाली की त्याच महिन्यावरून वाद होतो. त्या पानाचा मोबाईलवर फोटो काढून घ्या आणि सेट देणार असाल तर ५५ टक्क्यांची गुणपत्रिका त्याच फाईलमध्ये ठेवा, कारण सेटच्या अर्जाची मुदत तुमच्या फाईलसाठी थांबत नाही.